मंग काच कधी लावता?

"हे चक्री कितीले घेतली जी?"

इतवारीतल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, बाकावर, काकूंच्या मशीनचं डोकं मांडीवर घेऊन काका बसले होते. मी म्हटलं, काका, पतंगाची चक्री नाही, मासे गरवायची रील आहे. काकांनी ऐकून घेतलं. पटवून घेतलं नाही.

रील घेऊन मी शिलाई मशीनवाल्याकडे कशाला गेलो? तर डिसेंबरात देवगडला साडूकडे होतो. खडपावर उभा राहून गळ टाकला आणि एक लाट मला सोडून नेमकी रीलला आंघोळ घालून गेली. साडू म्हणाला, आजच्या आज गोड्या पाण्यानं धू, दोरीचा ताण ठरवणारा ड्रॅगचा नॉब आवळ, धार बारीक ठेव, जोरात मारलंस तर मीठ आत जाईल. मी हो हो म्हणून ती ओल्या टॉवेलात गुंडाळली, तशीच नागपूरला आणली आणि चौथ्या दिवशी संडासातल्या जेटनं खसाखसा धुतली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. त्यातलं जे बाहेर राहिलं होतं, ते मी स्वहस्ते आत पोचवलं. हँडल फिरवलं की खलबत्त्यात जिरं कुटल्यासारखा आवाज यायला लागला.

कंपनीला फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "नागपूर? तिथे समुद्र कुठे आहे?" मग म्हणाला, मुंबईला कुरिअर करा, जायचा-यायचा खर्च तुमचा, 45 दिवस धरून चाला. कबूल, आमच्यापासून 500 किलोमीटरच्या आत कुठल्याच बाजूला समुद्र नाही. झीरो माइलचा दगड मिरवत आम्ही देशाच्या मधोमध बसलोय. मधोमध असण्याचा फायदा एवढाच, की प्रत्येक सर्व्हिस सेंटर सारखंच लांब पडतं.

तर मशीनवाल्या भाऊंनी रील उघडली. लाइन रोलरच्या कडेला पांढरी भुकटी, गिअरवरच्या ग्रीसचं झालेलं ताक. भाऊ खूश. बेअरिंग रॉकेलच्या वाटीत पडली. तेवढ्यात काकांनी स्पूलवरची दोरी दोन बोटांत धरून ताणली. तुटेना. दाताखाली धरली. तुटेना.

"हे तं नायलॉन व्हय!"

दुकान चिडीचूप. तारीख 10 जानेवारी, संक्रांत तोंडावर. नायलॉन मांजावर हरित लवादाची 2017 पासून देशभर बंदी, आणि आपल्याकडे या दिवसांत पोलीस चक्र्या धरत हिंडतात.

"काका, मांज्याला काचेचा चुरा लावलेला असतो. ही साधी दोरी आहे."

"मंग काच कधी लावता?"

"लावत नाही! मासे पकडतो!"

"कुठं?"

"देवगडला."

"मासे देवगडले, आन् दोरा इतवारीत?"

याला काय उत्तर द्यायचं? चहावाला थांबला. शेजारचा बटनवाला आला.

"किती सापडले?"

"एक. बोय."

"केवढी?"

मी वीतभर दाखवली, खरं तर त्याहून थोडी लहानच होती. काकांनी स्पूलवरचा आकडा मोठ्यानं वाचला. "येवढ्याशा मासोयीसाठी दीडशे मीटर? बाप्पा!"

गर्दी हसली. मीही हसलो असतो. पण मागे एक जण मोटरसायकल उभी करून आला होता, हँडलला मांज्यापासून वाचायला कमानीसारखी तार लावलेली. त्यानं काही न बोलता मफलर खाली केला. गळ्यावर आडवा, गुलाबी व्रण. "मागच्या साली," एवढंच म्हणाला. त्याच्यासमोर मी मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकाच सलग तंतूच्या दोरीचा, 0.35 मिलिमीटर जाडीचा पाठ काय वाचणार? गप्प बसलो. काकांनी त्या गप्प बसण्याला होकार धरलं, भाऊंची कात्री उचलली आणि कोणी परत वापरू नये म्हणून सगळी दोरी हात-हातभर तुकड्यांत कापली. वीस मिनिटं कापत होते, मधे चहा घेऊन. साडेसहाशे रुपयांची दोरी. त्या माणसाचा गळा पाहून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही हे खरं, पण काकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही हेही खरंच.

इकडे भाऊंनी प्रेमानं सगळीकडे ग्रीस भरलं. सगळीकडे म्हणजे, हँडल उलटं फिरू नये म्हणून जो वनवे क्लच असतो, त्यातसुद्धा. त्याच्या बारीक रोलरना ग्रीस लागलं की ते पकडच घेत नाहीत.

"आधी एकाच बाजूनं फिरून राहिली होती," भाऊ म्हणाले, "अटकली होती. आता दोन्हीकडं फिरते. 200 द्या."

काका म्हणाले, "चक्री दोन्हीकडंच फिराले पाह्यजे."

रात्री कान कोरायच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन क्लचचा एकेक रोलर पुसत बसलो. एक स्प्रिंग उडाली, ती दीड तासानं बायकोला डाळीच्या डब्यामागे सापडली. बारा वाजता हँडल एका बाजूला अडलं. आवाजही गेला होता, हे भाऊंचं श्रेय कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी गळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. म्हटलं, दीडशे मीटर नायलॉन दोरी द्या. दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे, आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"संक्रांतीनंतर या, साहेब."