ध्येयवाक्यातला कर्ता कोण?

चर्चनी आपलं ध्येय सांगताना भाषा नम्र ठेवावी, असं सांगणारा एक लेख वाचला; त्यातलं हे म्हणणं मनापासून पटलं. ‘आम्ही हे शहर बदलून टाकू’, ‘आम्ही ख्रिस्ताला लोकांपर्यंत नेऊ’ अशी वाक्यं वाचली की मला खटकतं. जणू आपण पोचायच्या आधी देव तिथे नव्हताच! आमच्या चर्चच्या मंडळीचं ध्येयवाक्य ठरवताना एका आजींनी ‘बदलू’ खोडून ‘सोबत राहू’ लिहायला लावलं. एवढ्या एका शब्दावर तासभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, बाहेरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्याला दगा देणाऱ्या यहूदाचेसुद्धा. आपलं ध्येय लिहिताना हे चित्र समोर हवं.

एक मात्र लेखात राहून गेलं, ते म्हणजे चुकांची कबुली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात चर्चच्या लेकरांच्या, म्हणजे त्याच्या सभासदांच्या, पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीचाही त्यात उल्लेख होता. आपल्या ध्येयपत्रकांत अशी एखादी ओळ का नसावी?