जांभळ्या टोपणाची नळी आणि डिसॅबिलिटी पेन्शन

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या हवालदार काकांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यायचं नाकारलं. "जांभळ्या टोपणाची नळी हाय, त्यातनं डीएनए काढतात," म्हणाले आणि बाही खाली करून उठले. सोळा वर्षं डायबेटीस असलेला माणूस!

खानापूरपासून निपाणीपर्यंत माजी सैनिकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज त्यांनी वाचला होता. अमेरिकेने दहा लाख माजी सैनिकांचं रक्त काढून जनुकांची बँक उभारली. आता आपल्याकडेही तेच होणार. आजार आनुवंशिक ठरवून डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, बंद करणार. रक्तावरून मराठी कोण, कानडी कोण हे काढून सीमाप्रश्नात वापरणार. रिपोर्टही देत नाहीत, मग रक्त द्यायचं कशाला? असा तो मेसेज.

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, वीस वर्षं रक्त काढलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी नळीचं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) असो वा सरासरी साखर, नळी हीच. रक्त भरल्यावर ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, नाहीतर गुठळी होऊन नमुना वाया जातो. पांढऱ्या पेशींत डीएनए असतो हे खरं, पण तो कुठल्याही रक्तात असतो. रोजच्या तपासणीत तो वेगळा काढत नाहीत. उरलेलं रक्त जैववैद्यकीय कचऱ्यात जातं. बायोबँकेसाठी, म्हणजे संशोधनासाठी नमुने साठवणाऱ्या बँकेसाठी, वेगळं संमतीपत्र लागतं आणि नमुने बहुधा उणे 80 अंशांवर वर्षानुवर्षं जपतात. तेव्हा टोपणाचा रंग बघू नका, सही कशावर मागतायत ते बघा.

अमेरिकेचा आकडा बरोबर आहे. तिथला 'मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम' 2011 मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये दहा लाखांवर पोहोचला. मेसेजमध्ये नाही ते असं, की प्रत्येकाने स्वतःहून संमती दिली आहे. नमुन्यावर नावाऐवजी कोड असतो. मधेच बाहेर पडता येतं, मग उरलेला नमुना नष्ट करतात. तोवर संशोधनात वापरली गेलेली माहिती मात्र परत काढता येत नाही. सामील व्हा किंवा होऊ नका, उपचार आणि सवलतींना धक्का लागत नाही.

माजी सैनिकच का? आपल्या कागदांमुळे. भरतीच्या मेडिकलपासून डिस्चार्जपर्यंत कुठे पोस्टिंग होतं, किती उंचीवर, मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) कधी घसरली, सगळं लिहिलेलं. गावात दुसऱ्या कुणाकडे अशी फाइल सापडेल का?

आता पेन्शन. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती आपल्या अनुभवातून आली आहे. सैन्यातल्या डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर 'नीदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड' हे शब्द वाचून घरी आलेले जवान मी पाहिलेत. आजार नोकरीमुळे झाला नाही, नोकरीने वाढलाही नाही, तो अंगचाच आहे, असा त्याचा अर्थ. पण हा शेरा मारायला डीएनएची गरज कधीच लागली नाही. त्याचं उत्तर कोर्टात मिळालं आहे. धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असंच धरायचं आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही. त्या जवानाला फिट्सचा आजार होता. ज्यांची प्रकरणं अडली आहेत त्यांनी हा निकाल वकिलाला दाखवावा.

तरी उद्या कुणी बायोबँकेसाठी रक्त मागितलंच, तर ही माहिती बोर्डाकडे, पेन्शन खात्याकडे किंवा विमा कंपनीकडे जाणार नाही, हे लेखी मागा. विम्याचं नाव मुद्दाम घेतोय. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला बंदी आहे, आयुर्विम्यात नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदाच नाही. लेखी मिळालं नाही तर सही करू नका, मीही करणार नाही.

मराठी-कानडीबद्दल फार लिहायला नको. भाषा आईच्या मांडीवर शिकतात, ती रक्तात सापडत नाही. इथे पिढ्यान् पिढ्या सोयरिकी या दोन्ही भाषांच्या घरांत झाल्यात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो रक्ताच्या नळीवर चाललेला नाही.

रिपोर्टचं म्हणणं बरंचसं खरं आहे. अशा बँका प्रत्येकाला सरसकट रिपोर्ट देत नाहीत. मग फायदा काय? हृदयाच्या स्नायूंतलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात डीएनएची 25 अक्षरं गळालेली असतात, असा एक दोष आहे. हैदराबादच्या शास्त्रज्ञांसह एका गटाने 2009 मध्ये त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. भारतीय उपखंडात शंभरातल्या सुमारे चौघांत तो आढळतो, युरोपात जवळजवळ नाहीच. नुसतं युरोपियन रक्त तपासत बसलं असतं तर तो सापडला असता का? जगातला जनुकीय अभ्यास अजून मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांवरच उभा आहे. आपल्याकडे 'जीनोम इंडिया'ने दहा हजार जणांच्या जनुकांची माहिती जमवली. त्यांचे नमुने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. एवढ्या मोठ्या देशाला दहा हजार पुरतील का, मला वाटत नाही. कष्टाच्या, थंडीच्या, उंचीवरच्या नोकरीचा शरीरावर काय परिणाम होतो हे कळायला आपल्यासारख्यांचे नमुने कामी येतील, म्हणून मी अशा कामाच्या बाजूने आहे.

परवा काकांना स्कूटरवर बसवून पुन्हा घेऊन गेलो. त्यांनी टेक्निशियन मुलीला विचारलं, "बाळ, सही कुठं करायची?" ती म्हणाली, "साखरेला सही लागत नाही, काका." मग त्यांनी हात पुढे केला. सरासरी साखर 9.6 टक्के, म्हणजे बरीच जास्त निघाली. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी बदलली.