न दिसलेल्या ग्रहाचा पंचनामा

"जो ग्रह आजवर एकाही माणसाने पाहिलेला नाही, त्याचं बारसं करून मोकळे झाले? कमाल आहे, पात्रांव!"

भाईने एवढं म्हटलं आणि फोंड्याच्या तिस्कावर रस-ऑम्लेटच्या गाड्याशी आम्ही पाचजण तासभर अडकलो. निमित्त मास्तरांचं. निवृत्त झाल्यापासून वाचनालयाचं भित्तिपत्रक तेच काढतात. या खेपेचा कागद त्यांनी आम्हाला वाचायला दिला होता. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने शंभरी साजरी करताना २०१९ साली प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला दिला. आपल्या वाट्याला आला एचडी ८६०८१. ताऱ्याचं नाव ठेवलं विभा आणि ग्रहाचं सन्तमस. दुसरं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पुढे मास्तरांनी ठोकून दिलं होतं, 'गुरूच्या दीडपट वजनाचा, ढगाळ, महाकाय ग्रह'.

भाईचं गॅरेज आहे. कागदावरचं काहीही तो बिल तपासावं तसं वाचतो.

"वजन कोणी केलं?"

गौरी फिजिक्स शिकवते, तेव्हा उत्तर तिच्याकडेच गेलं. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघेही सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. तारा जड, म्हणून त्याची फेरी इवलीशी. तो आपल्याकडे येताना त्याच्या प्रकाशाच्या रंगपटातल्या रेषा किंचित निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. किती सरकल्या त्यावरून वेग निघतो. "गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर वेगाने हलतो, तेसुद्धा बारा वर्षांत एक हेलकावा. हा विभा तारा सेकंदाला दोनशे मीटरच्या वर हलतो आणि त्याचा हेलकावा पुरा होतो २.१४ दिवसांत. शनिवारी सकाळी सुरू झालेलं वर्ष सोमवारी दुपारच्या आत संपलं."

"म्हणजे तारा डुगडुगतो, म्हणून ग्रह आहे," भाई म्हणाला. "मग ऐक. रोज एक तरी गिऱ्हाईक येतं, म्हणतं साठच्या वर गेलो की स्टिअरिंग थरथरतं, व्हील बॅलन्सिंग करून दे. मी करतो. दहातल्या चारांचं थरथरणं तसंच राहतं. कारण दोष चाकात नसतो. बेअरिंग गेलेलं असतं, टाय रॉड सैल असतो. थरथरणं एक, कारणं पन्नास. तुझ्या ताऱ्याचं बेअरिंग गेलेलं नसेल कशावरून?"

मास्तर हसले, पण मला हा आक्षेप भारी वाटला. गौरीलाही वाटला असणार, कारण तिने खाणं थांबवलं.

"हाच प्रश्न शोधणाऱ्यांनाही पडतो मरे. ताऱ्यावर डाग असतात, काही तारे स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात. त्यानेही रेषा सरकतात. पण तसं असेल तर ताऱ्याचा उजेडही त्याच तालात कमी-जास्त व्हायला हवा. २००६ साली हा ग्रह जाहीर करताना त्यांनी उजेड वेगळा मोजून पाहिला होता. त्या २.१४ दिवसांच्या तालात तो जराही हलत नाही."

"म्हणजे बेअरिंग ठीक आहे."

"बेअरिंग ठीक आहे."

"तरी पुरावा हा नकारार्थीच झाला," दत्तू मध्येच बोलला. दत्तू वकिलाकडे कारकून आहे, त्याला असल्या वेळी गप्प राहवत नाही.

मग गौरीने दुसऱ्याच ताऱ्याची गोष्ट काढली. १९९५ साली मेयर आणि क्वेलोझ यांनी याच पद्धतीने ५१ पेगासीचा ग्रह शोधला. सव्वाचार दिवसांचं वर्ष असलेला वायूचा गोळा, तेव्हा बऱ्याच जणांना पटेना. मात्र १९९९ साली एचडी २०९४५८ नावाच्या ताऱ्याच्या डुगडुगण्यावरून हिशेब निघाला की ग्रह असलाच आणि त्याची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत आलीच, तर तो अमुक वेळी ताऱ्याच्या पुढून जाईल. दुर्बिणी रोखल्या. ठरल्या वेळी ताऱ्याचा उजेड दीड टक्क्याच्या आसपास उतरला आणि तीनेक तासांनी पूर्ववत झाला.

भाई क्षणभर गप्प. "हे आधी सांगायचं होतंस. गाडी कुठे बंद पडणार हे सांगून तिथेच बंद पडली, तर मेकॅनिकला मानलंच पाहिजे." लगेच पुढचा प्रश्न. "मग आपल्या सन्तमसाचंही तसंच पाहिलं असेल?"

इथे गौरीची पंचाईत झाली. पाहिलं होतं, पण तो पुढून जाताना सापडलाच नाही. कक्षा तिरकी आहे, ग्रह ताऱ्याच्या वरून किंवा खालून निसटतो. एवढ्या जवळच्या ग्रहालाही पुढून जाण्याची शक्यता सतरा-अठरा टक्केच होती. त्यामुळे त्याचा व्यास माहीत नाही. कक्षेचा कल माहीत नाही, म्हणून वजनही नक्की नाही. कक्षा आपल्या नजरेच्या रेषेपासून जितकी जास्त कललेली तितका ग्रह प्रत्यक्षात जड. दीडपट हा खालचा आकडा.

"मग 'किमान' लिहा, मास्तर," भाई म्हणाला. "आणि ढगाळ?"

"ते अनुमान," गौरी म्हणाली. बुध सूर्यापासून जेवढा दूर, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर हा ग्रह आहे. हजार अंशांच्या वर तापलेला असणार. तिथे ढग असलेच तर पाण्याचे नसतील. पण ते कोणी मोजलेले नाहीत. इतका मोठा गोळा इतक्या जवळ तयार होणं अवघड, तेव्हा तो लांब जन्मून आत सरकला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मास्तरांनी खिशातून पेन काढलं, 'किमान' घातलं आणि 'ढगाळ' खोडलं. खोडताना चेहरा मात्र परीक्षेत गुण कापल्यासारखा.

तेवढ्यात दत्तूने नावाचा विषय उकरला. न पाहिलेल्या ग्रहाच्या ताऱ्याला एका बाईचं नाव, आणि ती बाई तरी कोणाला ठाऊक? इथे मास्तर तापले. विभा चौधुरी, जन्म १९१३, कोलकाता. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर फोटोच्या काचा अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत दीर्घकाळ ठेवल्या. त्या धुतल्यावर उमटलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्या उमटवणाऱ्या कणाचं वस्तुमान काढलं. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये ते छापूनही आलं. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात, काम अडलं. पुढे सेसिल पॉवेल यांनी याच मार्गाने, सुधारलेल्या काचा वापरून पायॉन नावाचा सूक्ष्म कण शोधला आणि १९५० साली नोबेल घेतलं. विभाबाई नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, पहिल्या महिला संशोधक झाल्या. १९९१ साली गेल्या.

"कण दिसला त्यांना?" भाईने विचारलं.

"कण कुठला दिसतो! रेघ दिसते."

मला नावाची ही निवड चोख वाटते, मतदानाने झालेली असली तरी. दत्तूला नाही वाटत. त्याचं म्हणणं, हयातीत मान दिला नाही आणि ३४० प्रकाशवर्षांवरचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा दिला, ही पळवाट झाली. मास्तरांना हे मान्य नव्हतं आणि दोघांचा आवाज एवढा चढला, की गाडेवाल्याने रस जास्त तिखट झालाय का म्हणून विचारलं.

भाई मात्र ३४०वर अडकला होता. बोटांवर मोजून म्हणाला, "म्हणजे १६८३च्या सुमारास निघालेला उजेड. तेव्हा पोर्तुगीज विसरय आपल्या इथल्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि संभाजी महाराज धावून आले होते."

"आणि तेव्हापासून सन्तमसाच्या अठ्ठावन्न हजार फेऱ्या झाल्या," गौरीने मोबाईलवर गुणाकार करून सांगितलं.

"किमान," भाई म्हणाला.

"फेऱ्यांना किमान नाही लागत रे! तो आकडा पक्का आहे, संशय फक्त वजनाचा."

"बरं, तारा तरी दिसेल ना? की त्याचीही रेघच?"

तारा दुर्बिणीतून दिसतो. शिगमा आटोपल्यावरच्या दिवसांत सिंह राशी रात्री डोक्याजवळ येते. मघा तारका धरायची आणि दक्षिणेकडे उतरायचं. तिस्कावरच्या दिव्यांत काही जमणार नाही. दत्तूकडे दुर्बीण आहे, भाईकडे जीप. चंद्र नसलेली रात्र मास्तरांनी कालनिर्णयमध्ये बघायची, असं ठरलं.