‘जिंकेल त्याला सगळे इलेक्टर’ हे अमेरिकेच्या घटनेत नाही

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला शेवटी ‘इलेक्टर’, म्हणजे राज्यांनी नेमलेले निर्वाचक, निवडतात. ही निवडणूक आली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला सगळे इलेक्टर, हा घटनेचाच नियम आहे. तो बदलायला घटनादुरुस्ती लागेल. सगळ्या राज्यांनी मेन-नेब्रास्कासारखी वाटणी केली, तर निकाल जनमताप्रमाणेच लागेल.’ तिन्ही विधानं चूक आहेत, आणि तिसऱ्याने सर्वांत जास्त दिशाभूल होते.

घटनेच्या दुसऱ्या कलमात एवढंच आहे: राज्याच्या अमेरिकी संसदेतल्या (‘काँग्रेस’मधल्या) सिनेटर आणि प्रतिनिधींच्या बेरजेइतके इलेक्टर, आणि ते नेमायचे विधिमंडळ सांगेल त्या पद्धतीने. साउथ कॅरोलिनात तर १८६० पर्यंत विधिमंडळच इलेक्टर निवडायचं, लोकांचं मतदान नव्हतंच. आज ४८ राज्यं विजेत्याला सगळे इलेक्टर देतात, ती आपापल्या कायद्याने.

म्हणजे बदलायलाही राज्याचा साधा कायदा पुरतो. फक्त तो मतदानाच्या दिवसाआधी झालेला हवा. मिशिगनने १८९२ मध्ये मतदारसंघवार इलेक्टर निवडले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. अडचण राजकीय आहे. राज्यात ज्या पक्षाचा जोर, तो आपले हक्काचे इलेक्टर विरोधकाला का देईल? उलट नेब्रास्कातल्या रिपब्लिकनांनी २०२४ मध्ये मतदारसंघवार वाटणीच मोडायचा प्रयत्न केला, पण विधिमंडळात पुरेशी मतं जमली नाहीत.

आता तिसरं. मेनमध्ये (१९७२ पासून) चारपैकी दोन इलेक्टर राज्यभरातल्या विजेत्याला, उरलेले दोन काँग्रेसच्या दोन मतदारसंघांत जो जिंकेल त्याला. नेब्रास्कात (१९९२ पासून) दोन अधिक तीन. हीच पद्धत २०१२ च्या पेनसिल्व्हेनियाला लावून बघा. तिथे डेमोक्रॅट ओबामांना रिपब्लिकन रॉम्नींपेक्षा सुमारे तीन लाख मतं जास्त पडली आणि सगळे २० इलेक्टर मिळाले. पण मतदारसंघांच्या सीमा रिपब्लिकन विधिमंडळाने आखलेल्या. १८ पैकी १३ मतदारसंघांत रॉम्नी पुढे होते. मेनच्या पद्धतीने रॉम्नींना १३ आणि ओबामांना पाच अधिक दोन, म्हणजे सातच मिळाले असते. देशभर तसंच केलं असतं तर रॉम्नी २७४ विरुद्ध २६४ ने राष्ट्राध्यक्ष झाले असते, तेही जवळपास ५० लाख मतांनी मागे असताना. सीमा आखणाऱ्याच्या हातात राष्ट्राध्यक्षाची निवडही द्यायची, हा न्याय नव्हे.

मतांच्या प्रमाणात वाटणी त्यापेक्षा बरी, पण इलेक्टरचे तुकडे होत नाहीत. चार इलेक्टरांच्या राज्यात ६०-४० मतं पडली तर हिशेब २.४ आणि १.६ चा, वाटणी दोन-दोन. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००४ मध्ये असा प्रस्ताव फेटाळला. तो संमत झाला असता तर त्यांचे नऊ इलेक्टर पाच-चार असे विभागले असते. शिवाय तिसऱ्या उमेदवाराने थोडे इलेक्टर खाल्ले आणि कुणीच बहुमताचे २७० गाठले नाहीत, तर निवड संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे जाते. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत: सर्वांत जास्त लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला एक, सर्वांत कमी लोकसंख्येच्या वायोमिंगलाही एक.