कसली पानं?

"पानं किती आहेत?" पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या, स्कॅनर विकणाऱ्या दुकानदाराने विचारलं.

"कसली? झाडाची की वहीची?"

मी आत्ताच तिसऱ्या प्रकारचं, चुना-कात लावलेलं, त्यातही जरा कडक पान खाऊन आलोय की काय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. पण माझा प्रश्न रास्त होता. आमच्या वनस्पतिप्रेमी मंडळाच्या कपाटात दोन्ही जातींची पानं आहेत आणि दोन्ही सारखीच पिवळी पडली आहेत.

चूक माझीच. वार्षिक सभेत, चहा आणि बटाटेवडा यांच्या मधल्या निवांत वेळी मी म्हणालो, "हे सगळं एकदा स्कॅन करून ठेवायला हवं." या वाक्याचा कर्ता कोण, हे सांगावं लागत नाही, हे मराठीचं सौंदर्य. अध्यक्षांनी तो दोन मिनिटांत शोधून काढला आणि सर्वानुमते टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांच्या वासामागून सायक्लोस्टाइलवर काढलेली जुनी वार्तापत्रं आली. ओळीतल्या प्रत्येक 'ळ'च्या पोटात शाई भरलेली. मग सहलींच्या बांधीव डायऱ्या, पारदर्शिकांच्या, म्हणजे फोटोंच्या स्लाइड्सच्या पेट्या, आणि सर्वांत खाली वाळवून कागदावर शिवलेले वनस्पतींचे नमुने. "हात धुवा हं नंतर," बाई म्हणाल्या. "कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावायचे." हे त्यांनी मी एक वडा त्याच हाताने संपवल्यावर सांगितलं.

काही नमुने अजून रद्दी पेपरातच होते. काळ्या मुसळीचं एक रोप जून १९८३ च्या अंकात निघालं आणि शेजारी विश्वचषक घेतलेला कपिलदेव. स्कॅन मुसळीचा करायचा की कपिलचा, यावर उपसमितीचा पहिला तास गेला.

मी आधी स्वस्तातला चपटा स्कॅनर घरी आणून पाहिला. साडेपाच हजार, वजनाला हलका, वीजही संगणकाच्या वायरीतूनच घेणारा. सुट्या कागदाला उत्तम. पण या चपट्या जातीची नजर फार आखूड. काचेला टेकलेलं तेवढंच तिला दिसतं, कागद जरा वर उचलला गेला की धुकं. आणि बांधीव डायरी शिवणीपाशी उचलली जाणारच. शिवनेरीच्या सहलीचं पान मी चेपून चेपून स्कॅन केलं. अक्षर मोत्यासारखं: "शिंदळ माकुडी दिसली! दरवाजा ओलांडल्यावर उजव्या हाताच्या कड्यावर, त्या..." आणि पुढे शिवणीतलं धुकं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून जिला फ्रेरिया इंडिका म्हणतात, ती ही दुर्मीळ वनस्पती. नेमकी कुठे आहे, एवढं सोडून स्कॅनरने सगळं टिपलं होतं.

"हाच घ्या," बाई एकदम म्हणाल्या. "जागा कळली की लोक उपटून नेतात." वनस्पतीच्या संरक्षणासाठी निकृष्ट यंत्र घ्यावं, असा ठराव होता होता राहिला.

मग खजिनदारकाकांना डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, हे समजावणं आलं. ए-४ आकाराचं एक पान ६०० डीपीआयने रंगीत घेतलं, तर न आवळलेली फाइल साधारण १०० एमबीची होते. "एका पानाला शंभर? पान आहे की वडाचं झाड?" मी म्हटलं, डीपीआय निम्मा केला की फाइल पाव होते. हे गणित त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी सगळ्याच गोष्टींना ३०० डीपीआय मंजूर करून टाकला. पारदर्शिकांनासुद्धा. पारदर्शिकेतलं चित्र असतं २४ बाय ३६ मिलिमीटर. ३०० डीपीआयने त्याचे ४२५ बाय २८३ ठिपके होतात. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीने जांभळा झालेला अख्खा डोंगर पडद्यावर सांडलेल्या कोकम सरबताएवढा दिसला. पारदर्शिकेला निदान २४०० हवेत, आणि मागून उजेड देणारं झाकणही हवं, हे मी तीन सभांमध्ये सांगितलं. तिन्ही वेळा इतिवृत्तात "झाकणाबाबत चर्चा झाली" एवढंच आलं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काम फार सोपं केलं होतं. बांधणी कापून द्या, यंत्रात गठ्ठा घालतो, संध्याकाळी घेऊन जा. "कापून" हा शब्द ऐकल्यावर बाईंनी कपाटाची किल्ली कमरेला खोचली, ती आजतागायत तिथेच आहे. आणि गठ्ठा ओढणाऱ्या त्या यंत्राला आमची गंजकी टाचणी लागलेली वार्तापत्रं दिली असती, तर यंत्र आणि वार्तापत्र दोघांचंही एकदमच उरकलं असतं.

अध्यक्षांचा आग्रह वेगळाच. त्यांना आधी कुक हवा. थिओडोर कुकने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर लिहिलेला, १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला ग्रंथ. मी सांगितलं, परदेशी ग्रंथालयांनी तो केव्हाच स्कॅन करून फुकट ठेवलाय. अध्यक्षांचा चेहरा असा पडला, की बाईंनी आमच्याच प्रतीचं एक पान उघडून पुढे केलं. समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं: "चूक. भीमाशंकरला पाहिली आहे, भाद्रपदात." हे कुठल्याही परदेशी संगणकात नाही! मात्र नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं, की यंत्र पेन्सिलीला मळ समजून पुसून टाकतं. तेव्हा रंगीत हवं. तेव्हा पुन्हा वडाचं झाड.

उरले नमुने. शिवलेला कागद असतो ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ए-४ ची काच बाद. ए-३ च्या चांगल्या स्कॅनरची किंमत दोन लाखांच्या वर. आणि घेतला तरी नमुना पालथा घालणार कसा? बिया झडतात. मुरुडशेंग तर पिळलेल्या दोरखंडासारखी, तिच्यावर झाकण दाबलं तर काच आणि शेंग यांतलं आधी कोण मोडेल, यावर पैज लावावी. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात यावर तोड काढली होती. ते नमुन्याला पालथं न घालता स्कॅनरच उलटा टांगत आणि नमुना खालून त्याच्या काचेपर्यंत उचलत. मी हे सभेत मोठ्या अभिमानाने सांगितलं. यंत्राला शीर्षासन, ही कल्पना अध्यक्षांना फार भावली. काकांनी एकच प्रश्न विचारला: "वॉरंटी राहते का?"

शेवटी सुटका केली एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओने. त्यांच्या डार्करूममधला, फोटो मोठे करणाऱ्या एन्लार्जरचा खांब भंगारात जाणार होता, तो आणला. त्यावर एका सभासदाचा जुना कॅमेरा खाली तोंड करून बसवला. दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन दिवे, खाली काकूंच्या जुन्या कोटातून कापलेलं काळं मखमल. डायरी अर्धीच उघडून पाठीला उशी दिली, की शिवणीतलं अक्षरही दिसतं. नमुन्याशेजारी फूटपट्टी आणि रंगांची पट्टी. पारदर्शिकांसाठी उजेडाचं झाकण असलेला एक जाडजूड स्कॅनर हातबदलीत मिळाला. जाड यंत्राची नजर खोल असते, असं मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पोटावरून हात फिरवला.

पहिल्या खेपेला अठ्ठावीस पानं झाली. त्यांतल्या सहांवर बाईंचा अंगठा आहे. मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामने 'कळलावी' या वेलीचं 'कळ लावी' केलं. पण ते पान कार्यकारिणीच्या इतिवृत्ताचं होतं, त्यामुळे चूक महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही. शिवनेरीचं पानही आता स्वच्छ निघालंय. कड्याच्या पुढचा मजकूर बाईंनी बघितला, आणि त्या फाइलचा पासवर्ड किल्लीशेजारी गेला.

एक गोष्ट मात्र कोणीच धरली नव्हती. आमच्या दारावरच्या पाटीत 'सोसायटी' हा शब्द आहे, आणि इमारतीची सोसायटी ती पाटी आपलीच मानते. स्कॅनर आल्याच्या चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आधार कार्ड घेऊन आल्या. मग कोणाची गुणपत्रिका, कोणाची भाडेपावती. पेन्शनवाल्यांनी तर सकाळची वेळच ठरवून टाकली. काकांनी पानाला पाच रुपये लावलेत आणि नोंदवहीत तीन रकाने आखलेत: झाडाची, वहीची, इतर. कालपर्यंत 'इतर' एकशे चाळीसने पुढे होती.