सक्षम न्यायालय कसं शोधावं : आदिवासींसाठी काही सोप्या टिपा

पहिली टीप, जन्म बघून घ्या. आदिवासी घरात मुलगी म्हणून जन्मलात आणि वर बापाच्या सातबाऱ्यावर नावही हवंय, तर चूक तुमचीच.

माझ्या आत्यानं ही चूक केलीय. आम्ही कोकणा जमातीचे. आजोबा गेले तेव्हा फेरफारला फक्त काकांची नावं लागली, आणि आता सत्तरीत बाईला आठवलं की आपणही त्यांचीच पोर.

कागद खताच्या गोणीत ठेवा. पावसात भिजत नाहीत, आणि गोणी बघितली की समोरचा लगेच ओळखतो, याला उद्या या म्हटलं तरी चालतंय.

तलाठ्याला तलाठी म्हणू नका, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. बाकी काही बदललेलं नाही.

आता मेन टीप. अर्जावर शेरा मिळेल, "हिंदू वारसा कायदा लागू नाही, सक्षम न्यायालयात दाद मागावी." हा शेरा जपून ठेवा. १९५६ च्या त्या कायद्यातून अनुसूचित जमाती बाहेर आहेत हे साहेबांना तोंडपाठ असतं, मग लागू काय आहे विचारलं की ते मोबाईल बघतात. मग तुम्ही दिवाणी कोर्टात जा, तिथला बाबू म्हणतो सातबाऱ्याचं काम महसूलचं, प्रांताकडे जा, प्रांताकडे म्हणतात हक्काचा वाद आहे, दिवाणीत जा, आणि त्यातला एक तुकडा वनपट्ट्याचा निघाला तर अजूनच मजा, ते म्हणे वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय, म्हणजे एकाच बापाची जमीन आणि बांध ओलांडला की कायदा वेगळा!

वकिलाची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून आदिवासीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. आम्हाला मिळाले ते म्हणाले, तुमच्या समाजाची रूढी काय आहे? लेखी आहे का? आत्या माझ्याकडे बघायला लागली. रूढीची झेरॉक्स कुठे मिळते कुणाला माहीत असेल तर सांगा.

जुनी जमीन बिगर आदिवासीकडून परत घ्यायची असेल तर १९७४ चा कायदा वेगळा, त्यात वकिलाला उभंच राहता येत नाही. सुटलात.

केस पंच्याहत्तरीपर्यंत लांबवा, एसटी फुकट होते.

पण खरं सांगू का, गेल्या सोमवारी तोच शेरा तिसऱ्यांदा हातात पडला आणि माझं डोकं फिरलं. अहो, हिंदू वारसा कायदा लागू नाही म्हणजे बाईला हक्कच नाही असं कुठे लिहिलंय? जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं, बाईला वगळणारी रूढी आहे म्हणणाऱ्यानं ती सिद्ध करायची, बाईनं नाही. निकालाची प्रत मी टेबलावर ठेवली तर साहेब म्हणाले, "ते छत्तीसगडचं आहे." सुप्रीम कोर्ट छत्तीसगडचं? लाज वाटत नाही? पगार घेता ना वाचायचा? तीन वेळा त्या बाईला डोंगर उतरून यायला लावलंत आणि एकदाही बसा म्हणाला नाहीत. पुढच्या वेळी "सक्षम न्यायालय" लिहू नका, कोर्टाचं नाव लिहा. नसेल माहीत तर "मला माहीत नाही" लिहा आणि खाली सही करा, तिचा एक हेलपाटा तरी वाचेल.