‘मारिओ पार्टी’ संगणकावर: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

निंटेंडो 64 या जुन्या गेम कन्सोलवरील ‘मारिओ पार्टी’ हा पटावर फासा टाकत आणि मधेमधे छोटे खेळ खेळत चौघांनी खेळायचा खेळ संगणकावर कसा खेळावा हे सांगणारा एक मजकूर गटागटांतून पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: एम्युलेटर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) कायदेशीर आहे, म्हणून खेळाची फाइलही नेटवरून बिनधास्त उतरवावी आणि चोवीस तासांत पुसून टाकावी, खेळ 1998 चा असल्यामुळे कुठलाही लॅपटॉप पुरतो, एकाच कीबोर्डवर चौघे खेळू शकतात, आणि नेट वेगवान असेल तर परदेशातला मित्रही शेजारी बसल्यासारखा खेळतो. यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे.

एम्युलेटर लिहिणे किंवा वापरणे हा मुळात अपराध नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने 2000 मध्ये असा निर्णय दिला की, सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलचा एम्युलेटर तयार करताना अभ्यासासाठी त्यातल्या बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) केलेल्या प्रती न्याय्य वापरात, म्हणजे परवानगीशिवायही चालणाऱ्या वापरात, मोडतात. मात्र हा दिलासा एम्युलेटर बनवणाऱ्याला आहे. खेळाची अनधिकृत प्रत वाटणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या पदरात त्यातून काहीही पडत नाही. चोवीस तासांची सवलत तर कोणत्याही कलमात सापडत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 पाहावे: प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाश किंवा नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते, आणि स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करण्यासही त्यात वाव आहे. म्हणजे प्रत किती तास ठेवली याला महत्त्व नसून ती कुठून आली याला आहे. स्वतःच्या कार्ट्रिजमधून (खेळ साठवलेल्या मूळ डबीतून) काढलेली फाइल आणि अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल यांच्यात एका बाइटचाही फरक नसला, तरी कायद्याच्या लेखी त्या एक नाहीत. ‘कंपनीने हे खेळ केव्हाच सोडून दिले’ ही संदेशाची पुरवणीही टिकत नाही, कारण निंटेंडोने पहिले दोन भाग 2022 मध्ये आणि तिसरा 2023 मध्ये आपल्या सशुल्क ऑनलाइन सेवेत पुन्हा आणले.

‘कुठलाही लॅपटॉप’ ही अतिशयोक्ती आहे, पण तिच्यात थोडे तथ्य आहे. या कन्सोलचा मुख्य प्रोसेसर जेमतेम 93.75 मेगाहर्ट्झचा होता; अवघड आहे ती त्याची चित्रे रंगवणारी चिप. जानेवारी 1999 मध्ये आलेल्या अल्ट्राएचएलई या एम्युलेटरने तिच्या आज्ञा ढोबळपणे ओळखून थेट ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याचा जवळचा मार्ग काढला. त्या मार्गाने आज साधा लॅपटॉपही भागवतो, पण चित्रात चुका राहू शकतात. ठिपका न् ठिपका मुळाबरहुकूम हवा असेल, तर बऱ्यापैकी नवे ग्राफिक्स लागते.

एका कीबोर्डवर चौघे, ही सूचना ज्याने लिहिली त्याने ती करून पाहिली असावी असे वाटत नाही. अनेक स्वस्त कीबोर्डांना तीन-चार कळा एकदम दाबल्या की त्यांतली एखादी कळतच नाही, आणि या खेळात चौघेही एकाच वेळी कळा बडवत असतात. शिवाय पहिल्या भागातील ‘पेडल पॉवर’ किंवा ‘टग ओ’ वॉर’ यांसारखे छोटे खेळ कंट्रोलरची काडी गरगर फिरवण्यावर उभे आहेत. ती फिरवताना मुलांचे तळवे सोलवटू लागले, तेव्हा 2000 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या समझोत्यानुसार निंटेंडोने खेळाडूंना हातमोजे देऊ केले होते. चार बाणकळा ओळीने दाबून हेच करू लागलो, तर तो वेगळाच खेळ होतो. आणि एकाकडे काडी, दुसऱ्याकडे कळा असतील, तर सामना बरोबरीचा राहत नाही. विंडोजची एक्सइनपुट व्यवस्था चार कंट्रोलर ओळखते, तेवढे जमवावेत.

सर्वांत फसवा दावा नेटच्या वेगाचा आहे. जाहिरातीतील मेगाबिटांचा इथे फारसा संबंध येत नाही. निंटेंडोच्या नंतरच्या गेमक्यूब कन्सोलवरील पुढचे भाग चालवणाऱ्या ‘डॉल्फिन’ या एम्युलेटरच्या नेटप्लेमध्ये (नेटवरून एकत्र खेळण्याच्या सोयीत) खेळताना प्रामुख्याने कळांची नोंदच इकडून तिकडे जाते, खेळ प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र चालतो आणि सर्वांच्या नोंदी आल्याशिवाय पुढची फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे पुढचे चित्र, हलत नाही. म्हणून प्रश्न विलंबाचा आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे एकेरी प्रवासालाच किमान 62 मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात केबलच्या वळणांमुळे त्याहून जास्त. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर जवळजवळ चार फ्रेम वाटेतच गेल्या, आणि कोणतीही योजना घेतली तरी ही वजाबाकी टळत नाही. पटावर फासा टाकताना हे जाणवत नाही. ‘हॉट रोप जंप’सारख्या नेमक्या क्षणी उडी मारायच्या खेळात मात्र जाणवते. सर्वांची आवृत्ती, सेटिंग आणि खेळाची फाइल एकच नसेल, तर एकाच्या पडद्यावर फासा सातवर आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तीनवर थांबण्याची वेळ येते. प्रत्येकाकडे स्वतःची प्रत लागत असल्यामुळे वरचा कायद्याचा प्रश्नही चारदा उभा राहतो.

एकाच्या संगणकावर खेळ चालवून इतरांना त्याचे चित्र पाठवण्याचा दुसरा मार्ग प्रतींची संख्या एकावर आणतो, पण त्यात यजमानाला विलंब शून्य आणि पाहुण्यांना चित्र येण्याचा नि कळ जाण्याचा असा दुहेरी. तो निवडलाच, तर यजमानपद दर डावाला बदलावे, आणि ज्यांच्याकडे स्वतःची कायदेशीर प्रत आहे त्यांनीच ते घ्यावे.